अण्णांच्या गाडीचं सॉकेट

आईला मावशीकडे न्यायचं की नाही, हे शेवटी गाडीतल्या एका अंगठ्याएवढ्या भोकावर येऊन थांबलं होतं. गिअरच्या पुढं, डॅशबोर्डच्या खाली असतं ते. पूर्वी त्यात सिगारेट पेटवायचा लायटर बसायचा, आता लोक मोबाइल चार्ज करतात. आमच्या घरात त्याला कुणी सॉकेट म्हणायचं, कुणी चार्जिंग पॉइंट, आणि खरं सांगायचं तर कुणीच काही म्हणायचं नाही, कारण ते कधी कुणी वापरलंच नव्हतं.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. लातूरकडच्या एका गावात राहते. तिनं अंथरूण धरलं होतं, आणि त्यातून ती उठणार नाही हे सगळ्यांना कळून चुकलं होतं, तिला स्वतःला तर सगळ्यांच्या आधी. फोनवर ती आईला एकच म्हणायची, "एकदा तोंड दाखवून जा." पण आईला दम्याचा जुना त्रास. आमच्या थेरगावहून लातूर म्हणजे दिवसभराचा रस्ता, आणि त्यात ट्रकांचा धूर. डॉक्टर म्हणाले, खुशाल जा, मात्र वाफेचं मशीन गाडीत चालू पाहिजे. धाप लागली की तिथल्या तिथं लावायचं, ढाबा येण्याची वाट बघायची नाही. मशीन गाडीच्या सॉकेटवर चालवायची वेगळी वायर मिळते, ती आम्ही आणली. गाडी माझा धाकटा भाऊ चालवणार होता. त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, मशीन चाललं तर जायचं. नाही तर मी आईला नेणार नाही. मधेच काही झालं तर काय करू मी?" त्याचं काही चुकत नव्हतं. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी वायर खुपसली, किल्ली फिरवली, आणि मशीन ढिम्म.

गाडी अण्णांची, म्हणजे आमच्या वडिलांची. आता ते नाहीत. नोकरीची थोडी वर्षं उरली असताना त्यांनी त्यांच्या साहेबांची वापरलेली छोटी करड्या रंगाची गाडी घेतली. गाडी आली त्या रविवारी आम्ही तिच्यातून कुठं गेलो असू, तर चाकणच्या एमआयडीसीत. अण्णांची बदली नुकतीच तिथल्या नव्या प्लँटवर झाली होती आणि त्यांना आईला कंपनी दाखवायची होती, तीही बाहेरून. बंद गेटासमोर गाडी उभी करून त्यांनी बोट दाखवलं, "ती निळी शेड दिसती का? तिच्यात मागच्या अंगाला माझं मशीन." आईनं मान वाकवून निळी शेड बघितली, वॉचमननं आम्हाला बघितलं, आणि येताना भेळ खाऊन आम्ही घरी आलो. पुढं भावानं आम्हाला गोव्याला नेलं, तिथला समुद्र मला आता नीट आठवत नाही. ती निळी शेड मात्र आठवते.

आतून कंपनी बघायला मिळायची ती त्याच्या कितीतरी आधी, जुन्या प्लँटवर, खंडेनवमीला. त्या दिवशी कामगारांच्या घरच्यांना आत सोडायचे. मशीनं धुऊनपुसून चकचकीत, त्यांना झेंडूच्या माळा, खाली रांगोळी, आणि रोज तेलाच्या वासात उभी राहणारी माणसं कडक इस्त्रीच्या शर्टात एकमेकांकडे बघून लाजत असायची. उदबत्ती कुठं खोचायची हा तिथला नेहमीचा घोळ. लोखंडात खोचणार कशी? अण्णांनी त्यावर तोड काढली होती. डब्यातल्या पोळीला गुंडाळलेल्या चांदीच्या कागदाचा तुकडा ते फाडायचे, काडीच्या बुडाला घट्ट वळायचे, आणि मशीनच्या रिकाम्या बोल्टच्या भोकात ती काडी ठोकून बसवायचे. काडी सरळ उभी राहायची. शेजारच्या मशीनवाले येऊन म्हणायचे, "राव, आमच्यापण दोन बसवून द्या." अण्णा अशा वेळी फार खूश असायचे. मी लहान होते, आणि माझे वडील सगळ्या शेडमधले सर्वांत हुशार आहेत याबद्दल मला काडीइतकीही शंका नव्हती.

गाडीचं त्यांना वेड होतं. रोज सकाळी पहिल्या शिफ्टच्या बसच्या आधी ते खाली जाऊन गाडी पुसायचे. पाऊस असो, गाडी आठवडाभर हललेली नसो, फडकं खांद्यावर टाकून अण्णा खाली. रिटायर झाल्यावरही तेच. आई वरच्या गॅलरीतून बघायची आणि चिडायची. "माझी सवत आणून ठिवलीया पार्किंगात," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. "तिला रोज आंघोळ. मला चहा घेतला का म्हणून विचारायला ह्यान्ला येळ नाही." अण्णा हसून सोडून द्यायचे. ते भांडायच्या बाबतीत एकदम निरुपयोगी होते.

आणि आईच्या मनात आणखी एक गोष्ट होती, ती सवतीपेक्षा जड होती. आमच्या घरी निरांजन आईनं लावायचं आणि उदबत्ती अण्णांनी, अशी वाटणी होती. अण्णांच्या आईपासून आलेली सवय ती, कधी मोडली नव्हती. आईचा दमा वाढला तेव्हा डॉक्टरांनी घरात कसलाच धूर नको म्हणून बजावलं. फोडणी देतानासुद्धा खिडकी उघडी. त्या दिवसापासून अण्णांनी उदबत्ती बंद केली. एका शब्दानं काही बोलले नाहीत, उदबत्तीचं घर देव्हाऱ्यातून उचलून माळ्यावर टाकलं, झालं. आई मात्र ते कधी विसरली नाही. सण आला की तिचं ठरलेलं, "माझ्या छातीपायी देवाची उदबत्ती बंद पडली." फोनवर मावशीलाही हेच. आम्ही पोरं समजूत घालून दमलो. देवाला काय फरक पडतो, असं भाऊ एकदा म्हणाला, तर ती दोन दिवस त्याच्याशी नीट बोलली नाही.

त्या सकाळी मशीन लागत नाही हे कळल्यावर आई गॅलरीत खुर्ची टाकून बसली. बॅग भरून दाराशी ठेवलेली. मावशीसाठी केलेला बेसनाच्या लाडवांचा डबा मांडीवर. मी वर पाणी प्यायला गेले तेव्हा म्हणाली, "राहू दे. देवाची उदबत्ती बंद केली मी. आता त्यो मला आक्काचं तोंड कशाला दाखवतोय?" मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. "देवाला तेवढंच काम आहे का गाडीचे फ्यूज जाळायचं?" असं काहीतरी बोलून मी खाली आले. खाली आल्यावर मात्र ठरवलं, हे सॉकेट आज चालू झाल्याशिवाय मी जेवणार नाही.

मला यातलं अगदीच काही कळत नाही असं नव्हतं. लग्नाच्या आधी आणि नंतरही मी चाकणच्या एका कंपनीत होते. तिथं गाडीत घालायच्या वायरांचे जुडगे बनायचे, हार्नेस म्हणतात त्याला. मोठाली लाकडी फळी, तिच्यावर खुंट्या, आणि खुंट्यांमधून आम्ही बायका वायरा ओवत जायचो. फळी हळूहळू पुढं सरकायची, प्रत्येकीनं आपल्या रंगाच्या वायरा टाकायच्या. माझ्या वाट्याला जुडग्याची डॅशबोर्डाखाली जाणारी फांदी होती. पूर्ण गाडी मी कधी बघितली नाही, पण रस्त्यात आमच्या मॉडेलची गाडी दिसली की सोबतच्या बाईला म्हणायचे, "हिच्या पोटात माझा हात आहे." ती म्हणायची, "म्हणूनच बंद पडलीय." बसमध्ये अर्ध्या झोपेत जाणं, सुट्टीत सहा डब्यांची भाजी एकत्र करून खाणं, शेवटच्या टेस्टिंगला फळीवरचे सगळे दिवे लागले की वाजणारा तो बझर, हे सगळं मला अजून कधी कधी इतकं हवंसं वाटतं की काय सांगू. तेव्हा पाय दुखायचे, हे मात्र आठवणीत राहिलेलं नाही.

आमच्या लाइनवर शिकवायला एक थोराड बाई होत्या. त्या सांगायच्या, वायरवर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा. वायर बिचारी आत अंधारात पडून असते, तिला कोण त्रास देतं? आधी माणसाचा हात जिथं पोचतो तिथं बघायचं. मी तेच धरून चालायचं ठरवलं.

पहिला संशय नव्या वायरवर. खालच्या मजल्यावर एक काका राहतात, जुन्या थेरगावातले. आमची सोसायटी उभी आहे ती जमीन एकेकाळी त्यांची होती, तिथं ज्वारी असायची. ते पार्किंगात पेपर वाचत बसले होते. मी म्हटलं, "काका, तुमच्या गाडीत जरा लावून बघू का?"

"व्हय, लाव की. गाडी काय, नुसती उभीच हाय."

त्यांच्या गाडीत वायर खटकन बसली, हिरवा दिवा लागला आणि मशीन घरघरायला लागलं. काकांनी चष्मा वर केला. "मशीनमधी काय खोट न्हाई बघ. तुमच्या गाडीतच हाय."

आमच्या गाडीत वायर तशी खटकन बसली नव्हती. अर्ध्यात अडकली होती आणि मी रेटून दाबली होती. ते तेव्हाच माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं. पण जुन्या गाडीचं असंच असणार म्हणून मी पुढं गेले आणि स्टिअरिंगखालचं फ्यूजचं झाकण उघडलं. झाकणावर आतल्या फ्यूजांची चित्रं असतात, त्यात सॉकेटचं शोधलं, तो फ्यूज चिमट्यानं उपटला. निळ्या प्लॅस्टिकच्या आतली बारीक तार तुटलेली. मला इतका आनंद झाला की मी वर बघून आईला हात केला. झाकणातच एक जादा फ्यूज होता, तो बसवला. किल्ली एक घर फिरवली. टिक असा बारीक आवाज आला आणि तो फ्यूजही गेला.

आई वरून बघत होती. मी हात खाली घेतला.

भावाला डांगे चौकात फ्यूज आणायला पाठवलं. तो गर्दीतून घामाघूम होऊन आला आणि अभिमानानं पुडी पुढं केली. "तीस अँपिअरचा आणलाय. पंधराचा टिकत नाही म्हटलं, मोठाच घ्यावा. परत जळायला नको."

मी त्याला जे बोलले ते इथं लिहीत नाही. जळणं हेच फ्यूजचं काम. तो जळला नाही तर त्याच्या मागची वायर जळते, आणि आईला घेऊन निघालेल्या गाडीत डॅशबोर्डातून धूर निघतो. काकांनी पेपराआडून मान डोलावली. भाऊ मुकाट्यानं परत गेला आणि पंधराचे निळे घेऊन आला. ते मी बसवले नाहीत, खिशात ठेवले. फ्यूज बसवल्या बसवल्या उडतोय, म्हणजे कुठंतरी दोन बाजू एकमेकींना चिकटल्या आहेत, शॉर्ट आहे. ते सापडेपर्यंत दुकानातले सगळे फ्यूज आणले तरी काही उपयोग नव्हता.

भाऊ म्हणाला, "आत कुठंतरी वायर सोलली असणार. डॅशबोर्ड उघडावा लागेल. म्हणजे गॅरेज, म्हणजे दोन दिवस." त्याचा चेहरा उतरला होता. आईला नेणार नाही म्हणाला होता, पण न्यायचं त्यालाही होतंच.

तेव्हा मला लाइनवरच्या बाई आठवल्या. वायर शेवटी, आधी माणसाचा हात. मी बॉनेट उघडायला लावलं, बॅटरीची मायनसची पकड सोडवून बाजूला केली, मग सीटवर आडवी होऊन मोबाइलची टॉर्च त्या भोकात मारली. अशा सॉकेटच्या तळाशी मधोमध पितळेचा एक ठिपका दिसायला हवा. मला काहीच दिसलं नाही. निम्म्यापर्यंत काहीतरी करडं, दाबून भरल्यासारखं होतं.

आईच्या शिवणाच्या डब्यातला लांब चिमटा मागवला. पहिल्यांदा भुरभुरीत राख आली. मग एक जळकी बांबूची काडी, नखाएवढी. मग आणखी एक. मग काड्याच काड्या, लाल रंग अजून धरून असलेल्या, वापरून सोडलेल्या बुडख्यांचा गठ्ठा. मी पायाशी पेपर अंथरला आणि काढत राहिले. सगळ्यात तळाशी चिमट्याला चकचकीत काहीतरी लागलं. ओढलं तर घट्ट वळलेला चांदीचा कागद निघाला, काळा पडलेला. मधल्या ठिपक्यापासून कडेच्या पत्र्यापर्यंत तोच टेकला होता. शॉर्ट तोच.

तो कागद कुणी वळला होता हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तशी वळकटी जगात एकच माणूस करायचा, खंडेनवमीला, आपल्या मशीनपुढं. पहिल्याच दिवशी तो कागद आत ठोकला असणार, फ्यूज तेव्हाच गेला असणार, आणि अण्णांना त्याचा पत्ताही नसणार, कारण त्यांना त्या भोकातून वीज हवीच नव्हती. डॅशबोर्डवर अजून तो इवला गणपती चिकटवलेला आहे. त्याच्या बरोबर खाली हे भोक. रोज सकाळी बसच्या आधी खांद्यावर फडकं टाकून खाली जायचं, चारी दारं उघडी करायची, आणि आईच्या नाकापासून दोन मजले लांब देवाला उदबत्ती लावायची. गाडी पुसून होईपर्यंत ती जळून जायची. आणि आम्ही त्यांना गाडीवेडे म्हणत होतो.

काका उठून जवळ आले, पेपरवरची राख बघितली आणि म्हणाले, "मला दिसायचा की धूर. म्या म्हनलं, तुमाला ठावं आसंल."

पेपर तसाच चौघडी करून मी वर गेले आणि आईच्या पुढं उघडला. "काय करलालीस गं खाली इतका येळ?" ती म्हणत होती, आणि मधेच थांबली. राखेचा धूर नसतो, तरी सवयीनं तिनं आधी पदर नाकाला लावला. मग पदर खाली केला. एक काडी उचलून वास घेतला. कुठं सापडलं, ते मी सांगितलं.

"त्यांच्या शर्टाला वास यायचा," ती म्हणाली. "मी म्हणायची, कंपनीच्या गेटापाशी मारुती हाय, तिथला आसंल. तेवढंच बरं वाटायचं, एकाला तरी घडतंय म्हणून." एवढं बोलून ती रडायला लागली. मी तिला इतकं मोकळं रडताना अण्णा गेले तेव्हाही बघितलं नव्हतं. रडल्यावर धाप लागली, आणि घरच्या प्लगवर मशीन लावावं लागलं. मास्कच्या आतूनही ती काडी हातात धरून होती.

जेवायच्या आधी काम पुरं केलं. सॉकेटच्या आतून पॉलिश पेपर फिरवला, कापसानं पुसलं, पितळेचा ठिपका चकाकेपर्यंत. बॅटरीची पकड बसवली, निळा फ्यूज बसवला. किल्ली भावानं फिरवली, मला हिंमत झाली नाही. हिरवा दिवा लागला. माझ्या कानात आमच्या लाइनवरचा बझर वाजला, खोटं कशाला सांगू.

सकाळी निघताना आईनं माळ्यावरून उदबत्तीचं घर काढायला लावलं आणि काकांकडून एक उदबत्ती मागून आणायला लावली. "तू लाव," मला म्हणाली. "तिथं नको, तिथं आता माझं मशीन. कुंडीपाशी घर ठिव, त्यात खोच." ती स्वतः गेटाच्या पलीकडं जाऊन उभी राहिली, वाऱ्याच्या उलट्या अंगाला, नाकाला पदर लावून. उदबत्ती संपेपर्यंत तिनं कुणाला गाडीत बसू दिलं नाही.

इंदापूरच्या पुढं रस्त्याचं काम चालू होतं. समोर ट्रकांची रांग, सगळीकडं धूळ. आईची छाती वाजायला लागली. मी वायर लावली, मशीन घरघरलं, आणि डॅशबोर्डवरच्या गणपतीकडं बघत ती वाफ घेत राहिली. भाऊ आरशातून सारखा मागं बघत होता. हळूहळू तिचे खांदे खाली आले. मास्क काढून तिनं मला विचारलं, "लाडवाचा डबा सरळ ठिवलाय ना?" तेव्हा भाऊ पुन्हा समोर बघायला लागला.

मावशी खाटेवर अगदी एवढीशी दिसत होती. आईनं तिच्या उशाशी बसून तिचा हात हातात घेतला. इतक्या दिवसांनी भेटलेल्या बहिणी, कशी आहेस, काय खातेस, काही नाही. आई पहिलं वाक्य बोलली ते हे, "आक्का, देवाची उदबत्ती बंद नव्हती गं." आणि मग सगळं सांगितलं, गाडीसकट, चांदीच्या कागदासकट. ती काडी तिनं रुमालात बांधून आणली होती, ती दाखवली.

मावशीनं डोळे मिटून ऐकलं. हसली तेव्हा तिच्या छातीतून आवाजही आला नाही.

"मला का नाही सांगितलं गं त्यांनी?" आई म्हणाली. "मी इतकी वर्षं मनाला लावून घेतलं. एकदा सांगायचं तरी."

"सांगितलं आसतं," मावशी थांबत थांबत म्हणाली, "तर तू रोज खाली जाऊन धुरात हात जोडून उभी ऱ्हायली आसतीस."

मावशीच्या हातावरून आईचा हात फिरत राहिला.

"ऱ्हायले आसते," ती म्हणाली.